रजिस्टरमधली तेहेतीस नावं
(स्नेहमेळाव्यात १९८९च्या बॅचतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यामुळे पायऱ्या गाळून चालणार नाही.

मी डेटाबेस बांधते. म्हणजे माहितीचे तक्ते करायचे आणि एका तक्त्यातल्या ओळीचं दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीशी नातं ठरवायचं. ही पद्धत एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडली. आज तुमचं बँकेचं पासबुक याच पद्धतीवर चालतं. तक्ते करणं सोपं असतं. चुका होतात त्या नात्यांत, आणि त्यातही जी नाती कधी असतात, कधी नसतात, त्यांत.

कर्जतकरांना हे समजावायला बँकर पुरे आहे. पुण्याकडे जाणारी गाडी आली की मागून इंजिनं लागतात आणि तिला बोरघाटातून वर ढकलतात. ते होईपर्यंत आपला वडा खाऊन होतो. खोपोली लोकलला मात्र बँकर लागत नाही. म्हणजे बँकर घाटात निघालं तर त्याच्यापुढे गाडी असलीच पाहिजे, पण प्रत्येक गाडीच्या मागे बँकर असेलच असं नाही. आता गाड्यांच्या तक्त्यात 'बँकर क्रमांक' असा रकाना ठेवला, तर खोपोली लोकलपुढे तो कोरा राहतो. काही जणांना कोरा रकाना बघवत नाही. ते शून्य नंबरचं एक खोटं इंजिन तयार करून तिथे भरतात. मग कोणी इंजिनं मोजायला बसलं की शेडमध्ये एक इंजिन जास्त भरतं! मी अशा वेळी तिसरा तक्ता करते: कोणत्या गाडीला कोणतं बँकर लागलं. लागलं तर ओळ, दोन लागली तर दोन ओळी, नाही लागलं तर काहीच नाही.

कोऱ्या रकान्याचा आणखी एक घोळ आहे, तो आपल्याकडे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा चांगला कळतो. सातबाऱ्यावर कुळाच्या नावाला जागा असते. ती कोरी असेल तर कूळ नव्हतंच, की कसणारा होता पण नोंद झाली नाही? कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक मानायचं ठरलं, तेव्हा ज्यांचं नाव कागदावर नव्हतं त्यांना आपण कसत होतो हे सिद्ध करत बसावं लागलं. कॉडलाही हा प्रश्न सुटला नव्हता. १९९०च्या पुस्तकात त्याने दोन वेगळ्या खुणा सुचवल्या, एक 'आहे पण माहीत नाही' याची आणि दुसरी 'लागूच नाही' याची. कॉम्प्युटरच्या धंद्याने त्या काही उचलल्या नाहीत. आजही बहुतेक ठिकाणी एकच कोरेपणा आहे, त्याला 'नल' म्हणतात.

आता माझी चूक सांगते.

या मेळाव्याची यादी मी केली. एका तक्त्यात शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नावं, दुसऱ्यात दहावीचे निकाल, तिसऱ्यात निमंत्रणं. रजिस्टर आणि निकाल जोडून यादी काढली, कारण 'बॅच' म्हटलं की दहावीचं वर्षच डोक्यात येतं. पाठवून झाल्यावर पडताळणीही केली. यंत्राला विचारलं, ज्यांना निमंत्रण गेलेलं नाही असे कोण? उत्तर आलं, कोणी नाही. मी निवांत झाले.

गेल्या महिन्यात कर्जतला उतरले. पुलाखाली करवंदांच्या टोपल्या घेऊन बायका बसतात, तिथून हाक आली. माझ्याच नावाने, शाळेतल्या. पाचवी ते सातवी आम्ही एका बाकावर होतो. तिने वाटा बांधून दिला, पैसे घेईना, आणि सहज म्हणाली, "शालेचा मेलावा हाय ना? मला नाय बोलावलंस."

मी घरी जाऊन रात्री यादी उघडली. रजिस्टरमध्ये ती होती, नंबरासकट. निमंत्रणात नव्हती. आठवीच्या दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर गेले, ती धाकट्या भावाला सांभाळायला बरोबर गेली, आणि परत आली ती पावसाच्या तोंडावर. दहावीला बसलीच नाही, म्हणून निकालाच्या तक्त्यात तिची ओळ नाही. मी केली तशी जोडणी, तिला इनर जॉइन म्हणतात, दोन्हीकडे ओळ असेल त्यालाच ठेवते. बाकीच्यांना ती गाळते, आणि गाळल्याचं सांगत नाही. रजिस्टरमध्ये आमची नावं १०४ होती, माझ्या यादीत ७१. तेहेतीस जण गेले, आणि त्यांत खालापूरकडच्या वाड्यांतून येणारे किती तरी.

मग पडताळणीत ते सापडले का नाहीत? बाई, ही पायरी ऐका. निमंत्रणांच्या तक्त्यात तुमचंही नाव होतं. तुम्ही शिक्षक, म्हणून तुमच्यापुढे विद्यार्थी नंबर कोरा. मी यंत्राला विचारत होते, हा नंबर निमंत्रितांच्या नंबरांत नाही ना? यंत्र तुमच्या कोऱ्या रकान्यापाशी येऊन अडायचं: इथे काय आहे मला माहीत नाही, कदाचित हाच असेल. त्यामुळे 'नक्की नाही' असं ते कोणाबद्दलच म्हणेना. तेवीस वर्षं नव्या मुलांना मी हा सापळा शिकवते आणि स्वतःच त्यात पडले.

दुरुस्ती एका संध्याकाळची होती. माजी विद्यार्थी म्हणजे ज्याला रजिस्टर नंबर आहे तो, एवढंच सक्तीचं ठेवलं. दहावी असेल तर जोडायची, नसेल तरी नाव राहतं, त्याला लेफ्ट जॉइन म्हणतात. शिक्षकांची निमंत्रणं वेगळ्या तक्त्यात नेली. फॉर्मवरची 'पतीचे नाव' पुढची सक्तीची चांदणीही काढली. तिच्यामुळे आमच्या एका मैत्रिणीच्या यजमानांचं नाव तक्त्यात 'टिंब' असं लागलंय.

पुढचं काम कॉम्प्युटरवर होणारं नव्हतं. आम्ही चौघं तीन रविवार फिरलो, केळवली, डोळवली, वर वाड्यांवर. काही जण भट्टीवरून अजून परतले नव्हते. चार जण आता नाहीत, हे त्यांच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. अठरा जण सापडले. आठवीत सोडलेल्या एकाने विचारलं, "मी येऊन बसू कुठे, आठवीच्या वर्गात?" आम्ही हसलो, पण तो हसला नव्हता.

करवंदवाली मैत्रीण आज आली आहे. नाव घेऊ नको म्हणाली, म्हणून घेत नाही.

अकरा जणांचा पत्ता अजून लागलेला नाही. त्यांची नावं आणि रजिस्टर नंबर दाराजवळच्या टेबलावर वहीत लिहून ठेवलेत, पुढे दोन वेगळे रकाने आहेत: कुठे असतात, आणि शेवटचं कोणी पाहिलं. जेवायला जाताना एकदा वाचा. नुसतं गाव आठवलं तरी लिहा. पेन सुतळीने बांधलंय, शिपाईकाका बांधायचे तसंच, तेव्हा कोणी खिशात टाकू नका.