‘निरंक’ शेऱ्याचे मोल

(संगणक प्रशिक्षणवर्गातील भाषण)



ज्या दिवशी कार्यालयात एकही अर्ज येत नाही, त्या दिवशी आवक विभागातील लिपिक नोंदवहीत ‘निरंक’ असा शेरा लिहितो. तो शेरा म्हणजे नोंदीचा अभाव नव्हे. ‘काही आले नाही’ हीच एक नोंद होय. युनिक्स पद्धतीच्या संगणकावर आज्ञा स्वीकारणाऱ्या ‘शेल’ला मात्र हा शेरा शिकवावा लागतो.

शेलमध्ये तारकाचिन्ह ‘कोणतीही अक्षरे’ या अर्थाने योजतात. ‘*.अर्ज’ असा नमुना लिहिला की शेल त्या जागी ‘.अर्ज’ने संपणाऱ्या सर्व फायलींची नावे मांडतो. समजा, या फायली मोजून अहवाल करणारी आज्ञावली दररोज सायंकाळी चालते. एखाद्या दिवशी अशी एकही फाइल आली नाही, तर प्रचलित बॅश शेल तो नमुनाच जसाच्या तसा पुढे पाठवतो. आज्ञावली त्यास एका फायलीचे नाव समजते आणि अहवालात शून्याऐवजी एक अर्ज दाखल होतो. चूक एकाचीच; परंतु न आलेल्या अर्जाच्या शोधात श्रम वाया जातात आणि खऱ्या आकड्यांवरील विश्वासही ढळतो.

ही रीत १९७९ साली स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर रूढ झाली. त्याआधीच्या केन थॉम्पसन यांच्या शेलमध्ये, तसेच बिल जॉय यांच्या सी-शेलमध्ये, काहीच न जुळल्यास तसे सांगून आज्ञा थांबवली जाई. पुढे पॉझिक्स मानकाने बोर्न यांचीच रीत स्वीकारली.

यावर उपाय आहेत. बॅशमधील ‘नलग्लॉब’ पर्याय चालू केल्यास न जुळलेला नमुना गळून पडतो आणि गणना शून्य येते. तथापि तो सरसकट चालू ठेवणे इष्ट नव्हे. कारण यादी देणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेपुढील नमुना गळाला, तर ती फोल्डरमधील इतर सर्व फायली दाखवते. ‘फेलग्लॉब’ पर्याय चूक दर्शवून ती आज्ञा रोखतो. पॉझिक्सची रीत पाळणाऱ्या कोणत्याही शेलमध्ये चालणारा साधा उपाय असा, की प्रत्येक नाव हाती घेताच त्या नावाची फाइल अस्तित्वात आहे काय, हे तपासावे आणि नसल्यास ते वगळावे.

अर्ज नसलेला दिवस कोणत्याही कार्यालयात येणारच. त्या दिवशीही अहवाल खरा निघाला, तरच ती आज्ञावली पूर्ण झाली असे म्हणता येईल.