कपाटावरच्या कॅसेट
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर सगळ्यांना भूक लागलेली असते, म्हणून लवकर आटोपतो. विषय साधाच आहे. आपल्या घरांत कपाटावर ज्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पडल्या आहेत, त्यांचे काय करायचे?

तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो आजही समोर उभे राहून वाचता येतो. सरस्वती महालातल्या मोडी कागदांना मोडी जाणणारा माणूस लागतो. कॅसेटचे त्याहून कठीण. तिला यंत्रच लागते, आणि ते यंत्र आता कोणी बनवीत नाही. व्हीएचएस कॅसेट १९७६ साली जपानमध्ये निघाली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला, त्या दशकात व्हीसीआर आले आणि लग्नात व्हिडिओवाला दिसू लागला. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी. तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. म्हणजे आता जे व्हीसीआर चालू आहेत, तेवढेच.

टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. ती धरून ठेवणारा थर हवेतला ओलावा पितो. कावेरीकाठच्या आपल्या हवेत त्याला काय तोटा! पुढे बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली, तर ती कॅसेट मुळीच लावू नका. आतला हेड-ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो. ती घाण हेडवर बसली की चित्र जाते, आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. अशी कॅसेट जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी.

बाकी काम सरळ आहे. व्हीसीआरची वायर कॅप्चरच्या डबीला, डबी संगणकाला. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, त्यात लबाडी चालत नाही. सुरू करण्यापूर्वी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेले वेढे सुटतात. मिनी-डीव्हीची गोष्ट वेगळी. तिच्यात नोंद मुळातच डिजिटल असते, ती फायरवायरने जशीच्या तशी उतरवावी. तासाला साधारण १३ जीबी होतात. दुकानदार म्हणेल, एवढी मोठी फाइल कशाला, लहान करून देतो. देऊ नका म्हणावे. ‘एचडी करून देतो’ यालाही भुलू नका. टेपवर जे नाही ते येणार कोठून?

आता मुख्य मुद्दा, तो आवाजाचा. माझ्या ओळखीच्या एका घरातली लग्नाची कॅसेट एका स्टुडिओने डिजिटल करून दिली. चित्र झकास, पण आवाजाच्या जागी पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी! मंगलाष्टके आजोबांनी म्हटली होती. ते आता नाहीत. मूळ कॅसेट घरीच होती म्हणून पुन्हा काम करता आले. गेज बदलताना आम्हाला जुना रूळ उखडावाच लागतो. मयिलाडुतुराई-विळुप्पुरम् मार्ग तसा काही वर्षे बंद ठेवून २०१० मध्ये ब्रॉडगेजवर सुरू झाला. इथे तशी सक्ती नाही. डिजिटल झाले तरी कॅसेट फेकू नका.

आवाजाचा आग्रह मी का धरतो? आपल्यात दोन प्रकारची मंडळी आहेत. काही घरे तंजावरच्या मराठी राज्यापासून इथे आहेत. काही विटा-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यानिमित्त आली. जुन्या घरांची मराठी घरात बोलली गेली, कागदावर फारशी उतरली नाही. आजींचे ते बोलणे आज दुसरीकडे कोठे ऐकायला मिळेल? लग्नाच्या कॅसेटमध्ये मात्र ते असते, नवरीला ओवाळताना, पंगतीत वाढताना, व्हिडिओवाल्याला ‘बाजूला हो’ म्हणताना. गलाईवाल्यांच्या मुलांना आजोबांची माणदेशी बोली तशीच सापडेल. म्हणून माझे मत असे की, मिरवणूक आणि बँड नंतर. ज्या कॅसेटमध्ये वडीलधारी माणसे बोलताहेत, ती आधी घ्यावी.

ज्यांनी पूर्वीच डीव्हीडी करून घेतल्या, त्यांनीही निर्धास्त राहू नये. घरी लिहिलेली डीव्हीडी उष्णतेने, उन्हाने खराब होते, आणि नव्या संगणकांत तिची खाचच नसते. त्या आताच हार्ड डिस्कवर उतरवा. प्रती दोन हव्यात आणि त्या एकाच घरात नकोत. २०१८ चे गज वादळ आपल्या भागाने पाहिले आहे. एक प्रत इथे, एक गावाकडे भावाजवळ, असे चालेल.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. माझ्याकडे चालू स्थितीतला व्हीसीआर आहे, तो मी मंडळाच्या खोलीत आणून ठेवतो. रविवारी दोन-दोन कॅसेट उतरवू. कॅसेट देणाऱ्याने घरातले एखादे जुने माणूस बरोबर आणावे. टेप चालू असताना ते सांगतील ती नावे वहीत लिहून घेऊ. कोण कोणाची मावशी, कोण कोठून आलेले. रविवारी कॅसेट चालवायला मी बसेन. वही लिहायला कोण येते, एवढे जेवणाच्या पंगतीतच ठरवू या.