दाव्याची मुदत आणि वसतिगृहातले मूल

(वसतिगृह कार्यकर्त्यांच्या वार्षिक अभ्यासवर्गात एका वकील भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय कायद्याचा आहे आणि तास जेवणाआधीचा आहे, त्यामुळे कलमे मोजकीच सांगते.

समजा, लहानपणी एखाद्या संस्थेच्या छपराखाली मुलावर अत्याचार झाला. ते मूल मोठे झाले, आणि त्या संस्थेकडून नुकसानभरपाई मिळावी म्हणून दिवाणी कोर्टात गेले. तिथे काय झाले हे ऐकण्याआधी केव्हा झाले हे पाहिले जाते. ठरावीक वर्षांत दावा आला नसेल तर तो मुदतबाह्य. मग साक्षी-पुरावे कितीही भक्कम असोत, फाइल बंद.

आदिवासी मुलांच्या वसतिगृहांवरून हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर लढला गेला तो कॅनडात. आपण तेच काम करतो, मुलांना घरापासून दूर ठेवून शिकवतो, म्हणून ती हकीकत आपण ऐकायला हवी. तिथे १८८० च्या दशकापासून सरकारच्या पैशावर चर्चसंस्था निवासी शाळा चालवत. १९२० च्या सुमारास तर मुलांना शाळेत धाडणे सक्तीचे करणारा कायदाच झाला. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. घरची भाषा बोलली म्हणून मार खाल्ला, आणि कितीतरी जणांच्या वाट्याला त्याहून वाईट आले. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडले.

मुले मोठी होऊन लगेच कोर्टात का गेली नाहीत? हा प्रश्न मला आपल्याकडेही विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा संशय असतो. कॅनडातले एक उत्तर तर कायद्याच्या पुस्तकातच सापडते. १९२७ ते १९५१ या काळात आदिवासी जमातीचा हक्क मागणारा दावा लढवण्यासाठी सरकारी परवानगीशिवाय पैसे गोळा करणे हा तिथे गुन्हा होता. वकील करायला वर्गणी काढली तर शिक्षा! तो कायदा जमिनीच्या दाव्यांवर डोळा ठेवून केलेला होता, हे खरे. पण ज्या समाजाला कोर्टाची पायरी अशी दाखवली, त्याच्या मुलांनी तीन-चार वर्षांत दावा लावावा अशी अपेक्षा कुणी करायची?

दुसरे उत्तर मनाचे आहे. १९९२ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका स्त्रीचा दावा आला. लहानपणी वडिलांनीच अत्याचार केले होते. न्यायालयाने म्हटले की, आपल्या आजच्या त्रासाचे मूळ त्या अत्याचारात आहे हे पीडिताला उमगते तिथून मुदत मोजायची. हे उमगणे पुष्कळदा उपचार सुरू झाल्यावरच होते, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. मूल स्वतःलाच दोषी धरते, हे आपल्यापैकी ज्यांनी वसतिगृहात रात्री काढल्या आहेत त्यांना मी काय सांगणार?

आता व्हँकुव्हर बेटावरच्या पोर्ट अल्बर्नी इथल्या शाळेचा खटला पाहा. तिथल्या वसतिगृहाच्या पर्यवेक्षकाला १९९५ साली अकरा वर्षांची शिक्षा झाली, म्हणजे गुन्ह्यांनंतर कित्येक दशकांनी. त्यानंतर तेव्हाची मुले, आता उतारवयाकडे झुकलेले पुरुष, सरकार आणि चर्च या दोघांविरुद्ध दिवाणी कोर्टात उभे राहिले. त्या प्रांताने तोवर लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांची मुदत काढून टाकली होती, म्हणून त्यांचे ऐकले गेले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी वाटून दिली, सरकारवर ७५ टक्के आणि चर्चवर २५ टक्के. पण मुदतीची सूट फक्त लैंगिक अत्याचारापुरती होती. बाकीचे सगळे दावे, त्यात शाळेतली मारहाणही आली, मुदतबाह्य ठरले. शाळा तीच, मुले तीच, वर्षे तीच. एका जखमेला कोर्टात जागा मिळाली, दुसरीला नाही.

पुढे हजारो दावे उभे राहिले तेव्हा २००६ मध्ये देशव्यापी समझोता झाला. शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाचे दहा हजार डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे तीन हजार. अत्याचार सोसलेल्यांसाठी वेगळी सुनावणी ठेवली, आणि तिथे गंभीर मारहाणही धरली गेली. सुमारे अडतीस हजार अर्ज आले. गंमत म्हणा की दैव म्हणा, त्या अर्जांनाही शेवटची तारीख होतीच, सप्टेंबर २०१२.

सगळीकडे कायदा पुढेच गेला असे समजू नका. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात आदिवासी निवासी शाळांतले माजी विद्यार्थी दावे घेऊन येऊ लागले होते. तिथल्या विधिमंडळाने २०१० साली कायदा केला की, वयाची चाळिशी गाठलेल्या माणसाला फक्त प्रत्यक्ष अत्याचार करणाऱ्याकडूनच भरपाई मागता येईल, संस्थेकडून नाही. अत्याचार करणारा बहुतेक वेळा मेलेला किंवा कफल्लक असतो. म्हणजे दार उघडे ठेवले, आत घर ठेवले नाही.

मी स्वतः दिवाणी वकील आहे. मुदतीच्या कायद्याला मी शिव्या घालणार नाही. साक्षीदार मरतात, कागद हरवतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आरोपाला निरपराध माणसाने काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न खोटा नाही. संस्था बुडण्याची भीतीही खोटी नाही. कॅनडातला कॅरिबू नावाचा एक धर्मप्रांत अशाच दाव्यांच्या भाराने २००१ च्या अखेरीस आपले काम बंद करून बसला. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. उसनवारीच्या व्यवहारात दोघेही सज्ञान असतात, दोघांकडे कागद असतो. वसतिगृहात कागद एकाच बाजूकडे असतो, आणि वेळ गेल्याचा फायदाही त्याच बाजूला होतो.

आता आपल्याकडे या. १९६३ चा मुदतीचा कायदा. अशा भरपाईच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे. अज्ञान मुलाला सवलत अशी की, घड्याळ तो सज्ञान झाल्यावर सुरू होते, पण त्यापुढे तीन वर्षांहून जास्त नाही. अठरा अधिक तीन, एकवीस. अपिलाला उशीर झाला तर कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, दाव्याला ती सोय नाही. आणि याच कायद्याचे तिसरे कलम असे आहे की, समोरच्या पक्षाने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने मुदतबाह्य दावा काढूनच टाकायचा.

फौजदारी बाजू वेगळी आहे, तिची इथे गल्लत करू नका. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. गंभीर गुन्ह्याच्या फिर्यादीला वर्षांची अशी अट नाही. खटला चालला तर विशेष न्यायालय भरपाईही देऊ शकते. आणि अत्याचार झाल्याचे कळूनही संस्थेच्या प्रमुखाने पोलिसांना कळवले नाही, तर त्यालाच एक वर्षापर्यंत कैद आहे. हे वाक्य आपापल्या कार्यालयात लावून ठेवा म्हटले तरी चालेल.

माझ्याकडे एक ताई आली होती. वय चौतीस, दोन मुलांची आई. कुठल्या वसतिगृहात होती ते मी सांगणार नाही. तिला फौजदारी नको होती. तो माणूस वारला होता. तिला एवढेच हवे होते की, संस्थेने काहीतरी द्यावे आणि झाले ते झाले असे म्हणावे. मी तिला एकवीस वर्षांचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "मॅडम, एकविसाव्या वर्षी माझं पहिलं बाळ अंगावर पीत होतं. आणि आमच्या बोलीत त्या गोष्टीला शब्दच नाही, मराठीत सांगायला मला तिशी लागली." तेरा वर्षे उशीर झाला होता. दावा दाखल झाला नाही.

कोर्ट तिला काही देऊ शकत नव्हते. पण कायदा दावा नाकारतो, संस्थेचा हात धरत नाही. ऐकून घेणे, लेखी मान्य करणे, उपचाराचा खर्च उचलणे, यांपैकी कशालाही मुदत लागू नाही. तिच्या संस्थेने उत्तरादाखल दोन ओळींचे पत्र पाठवले. जुने रेकॉर्ड उपलब्ध नाही.

म्हणून माझा आग्रह रेकॉर्डवर आहे. कोण मूल कोणत्या साली कोणत्या खोलीत होते, रात्रपाळीला कोण होते, कोण पाहुणा येऊन राहिला, कोणत्या मुलाला दवाखान्यात नेले आणि का, कोण होळीच्या सुट्टीनंतर परत आलेच नाही. ही वही रद्दीत जाता कामा नये. खोटा आरोप झाला तर आपल्या निरपराध कार्यकर्त्यालाही तीच वही वाचवील, हेही ध्यानात घ्या. माजी विद्यार्थ्याने स्वतःची नोंद मागितली तर ती द्या, "आत्ता कशाला?" असे विचारू नका. आणि बारावी होऊन मूल वसतिगृह सोडते तेव्हा दाखल्यासोबत हेही त्याच्या बोलीत सांगा की, काही घडले असेल तर एकविसाव्या वाढदिवसापर्यंत दिवाणी दावा करता येतो, आणि त्यासाठी मोफत वकील तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मागता येतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

जेवणानंतर प्रत्येकाने एका कागदावर लिहून द्यावे: आपल्या वसतिगृहाची हजेरी, भेट वही आणि दवाखाना वही कोणत्या सालापासूनची जपलेली आहे, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते. नाव नसले तरी चालेल, गाव मात्र लिहा.