जीवशास्त्र फक्त डॉक्टरांसाठी नाही
(पालक मेळाव्यातील भाषण)



मागच्या महिन्यात एक पालक मला भेटले. म्हणाले, "सर, मुलगी काही डॉक्टर होणार नाही. मग पेशी आणि आतडी पाठ करून काय उपयोग? नववी झाली, आता शाळा पुरे." पाठ करून उपयोग नाही, हे मला मान्य आहे. बाकीचे मान्य नाही.

आपल्या मुलांना व्याख्या तोंडपाठ असतात. वस्तू समोर ठेवली की ती गप्प होतात. म्हणून मी वर्गात बांगडे घेऊन गेलो. (वर्गाला दोन दिवस वास येत होता, त्याबद्दल मुख्याध्यापकांची माफी मागून झाली आहे.) मासळी ताजी आहे का, हे कल्ला उचलून पाहायचे, हे मुलींना घरूनच ठाऊक होते. पण तो लाल का, हे कुणी विचारले नव्हते. पाण्यातला प्राणवायू घेण्यासाठी तिथे बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मग हृदय शोधले. माशाचे दोन कप्प्यांचे, आपले चार कप्प्यांचे. त्या दिवशीच्या आकृत्या कुणी पुस्तकातून उतरवल्या नाहीत.

माशाच्या आतड्यावरून माणसाच्या आतड्याकडे आलो. जुलाब लागले की मुलाचे पाणी बंद करायचे, ही समजूत आपल्या काही घरांतून अजून गेलेली नाही. त्याने मूल दगावते. ग्लुकोज आणि मिठातले सोडियम लहान आतड्यात जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते, जुलाब चालू असतानासुद्धा. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी असे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. आणि पाजणारे कोण? बरेचसे रुग्णांचे नातेवाईक!

ओआरएसचे पाकीट मिळाले तर तेच वापरावे. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. मूल सुस्त झाले किंवा पीत नसेल तर तडक दवाखाना गाठावा.

ते पालक आज सभागृहात आहेत. नाव घेत नाही. दहावीचा वर्ग जूनमध्ये सुरू होईल. दुसऱ्या बाकावरची तिची जागा मी ठेवली आहे.