राख उरतेच: स्वागताध्यक्षांचे भाषण

 इंदुरात होळकरांचा राजवाडा आणि रात्रीचा सराफा आपण पाहालच, पण या गावाचे खरे वैभव कचऱ्यात आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि आम्लता मारायला लाकडाची राख. ढीग तीनदा खालीवर केला की तीन महिन्यांत खत! १९३१च्या ग्रंथावर नावे दोघांची, पण जगाच्या लक्षात राहिले एकटे हॉवर्ड. वाडांचे नाव निदान या मांडवात तरी आदराने घेतले जावे.

परिषदेच्या विषयाशी, म्हणजे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीशी, याचा संबंध राखेपुरताच, हे मान्य. पण ती राख शेताला चालते आणि जवळच्या पीथमपूरची का चालत नाही? भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा ३३७ टन घातक कचरा तिथे २०२५च्या जूनअखेर जाळून संपला आणि मागे उरले ८०० टनांहून अधिक अवशेष. यात गूढ काही नाही. मुळात १६२ टन तर मातीच होती, शिवाय आम्लवायू शमवायला चुना पडला. भट्टी कीटकनाशकाचे रेणू मोडते. शिसे-पारा तिला मोडता येत नाही. म्हणजे जाळण्याने निम्मेच काम होते, धातू बांधून ठेवणे उरतेच. ‘सिमेंट-चुना ओता की झाले’ म्हणावे, तर चुना अति झाला की शिसे पुन्हा विरघळते आणि पाऱ्याला गंधकच लागतो. ‘धातू झिरपण्याच्या चाचणीत राख उत्तीर्ण झाली ना?’ असेही विचारतात. त्या चाचणीत राख सौम्य ॲसेटिक आम्लात सुमारे १८ तास घुसळतात. राख पुरायच्या खड्ड्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढायचे आहेत. तेव्हा राखेचे घट्ट केलेले ठोकळे जुने झाल्यावरही तपासावेत, भोवतालच्या विहिरींचे पाणी पाहत राहावे. शेवटी पीथमपूरकडचे पाणी ज्यात उतरते त्या यशवंतसागर तलावाचे पाणी इंदूर पितेच. मग कचरा भोपाळलाच ठेवायचा होता का? मुळीच नाही, चाळीस वर्षे तो तिथे पडून होता, तेवढे पुरे.

आता क्षमायाचना. निवास तीन ठिकाणी विभागला आहे, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल, ध्वनिक्षेपक मधूनच रुसतो. सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, धान्य पाठवणारे व्यापारी, नाव न सांगण्याच्या अटीवर थैली देणारे दाते आणि पहाटेपासून पोह्यांच्या कढईपाशी उभ्या असलेल्या भगिनी या सर्वांचे ऋण मोठे आहे. पोहे तयार आहेत. उद्घाटनानंतर लगेच डावीकडच्या मांडवात यावे.