आरोपीची हजेरी : कर्तव्य कीं हक्क?

फौजदारी न्यायालयांत आरोपीचा पिंजरा रिकामा असतां खटला चालवावा काय? सामान्य समजूत अशी कीं, आरोपीला न्यायासनापुढें उभें करतात तें त्यानें पळून जाऊं नये म्हणून. ही समजूत अर्धीच खरी आहे. हजर राहणें हें त्याचें कर्तव्य खरें. परंतु त्याहून अधिक तो त्याचा हक्क आहे. साक्षीदार काय सांगतो हें आरोपीनें स्वतः ऐकलें, तरच त्यांतील खोटें कोणतें हें तो आपल्या वकिलास सुचवूं शकतो, आणि उलटतपासणीला धार येते.

म्हणून पुरावा आरोपीच्या समक्ष घ्यावा, हा आपल्या कायद्याचा मूळ नियम. त्यास अपवाद आहेत. योग्य कारण दिसल्यास न्यायालय जातीनें हजर राहण्याची माफी देतें. मग पुरावा वकिलासमक्ष होतो. दृक्‌श्राव्य यंत्राच्या द्वारें घेतलेली साक्षही समक्षच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील एका खटल्यांत २००३ सालीं ठरविलें.

खरा पेंच आहे तो फरारी आरोपीचा. १९७३ च्या संहितेप्रमाणें त्याच्या गैरहजेरींत साक्षी नोंदून ठेवतां येत, पण त्याला दोषी ठरवितां येत नसे. साक्षीदार म्हातारे होत, दगावत. फिर्यादीचें कुटुंब मात्र निकालाची वाट पाहत राही. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५६ व्या कलमानें ही कोंडी फोडली. गंभीर गुन्ह्यांत फरारी म्हणून जाहीर झालेला मनुष्य खटला टाळण्यासाठीं दडून बसला, आणि तो लवकर सांपडण्याची आशा नसली, तर त्यानें हजेरीचा हक्क सोडला असें मानून खटला निकालापर्यंत चालवितां येतो.

मात्र त्यापूर्वीं निदान तीस दिवसांच्या अंतरानें दोन वॉरंटें काढावीं लागतात. वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते, आप्तांस वा मित्रांस कळवावें लागतें, घरावर नोटीस लावावी लागते. आरोप निश्चित झाल्यावर नव्वद दिवस थांबावें लागतें. आणि वकील नसल्यास तो सरकारी खर्चानें द्यावा लागतो.

या अटी कोणास निव्वळ दिरंगाईच्या वाटतील. पण शिक्षेच्या भयानें पळालेला मनुष्य आणि पोटासाठीं परगांवीं गेलेला, ज्याला खटल्याची वार्ताच नाहीं असा मनुष्य, हे दोघेही न्यायालयाच्या कागदावर सारखेच गैरहजर दिसतात. पहिल्यानें हक्क सोडलेला असतो. दुसऱ्याचा हक्क त्याच्या नकळत जातो. या दोघांतील अंतर न्यायाधीशांनीं प्रत्येक वेळीं नीट पारखून घेतलें, तरच रिकाम्या पिंजऱ्यापुढें दिलेला निकाल न्याय म्हणविण्यास पात्र ठरेल.