मानसशास्त्रात पदवी घ्यायची आहे?



बारावीचा निकाल लागला की मोहोपाड्यात घरोघरी पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. रसायनीचा हा पट्टा कारखान्यांचा. त्यामुळे डिप्लोमा, आयटीआय, केमिस्ट्री ही उत्तरं तयारच असतात. अशा घरात एखादी मुलगी म्हणते, "मला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय," आणि वडीलधारे विचारतात, "ते वेड्यांचं शास्त्र शिकून करणार काय?"

मानसिक आजार हा या अभ्यासक्रमाचा केवळ एक भाग आहे. माणूस शिकतो कसा, विसरतो का, घोळक्यात वेगळा का वागतो, कामावर त्याचं लक्ष कशानं उडतं, हे सगळं त्यात येतं. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे मोजमापाचं शास्त्र आहे. म्हणून सांख्यिकी शिकावीच लागते. गणित सुटलं या आनंदात कला शाखेकडे आलेली मुलं इथे अडखळतात, पण हा भाग टाळून विषय येत नाही. परदेशातली बुद्धिमापन चाचणी आपल्या मुलांना जशीच्या तशी कशी लावणार? व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाडला मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने यांची चाचणी नव्यानं बसवली, ती आकडेमोडीच्याच बळावर. बिने-कामत चाचणी आपल्याकडे पुढे कित्येक दशकं वापरात राहिली.

या विषयाचं मोल मोहोपाड्याच्या माणसाला पटावं म्हणून एका गावाची हकिगत सांगतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. सारं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. 1930 च्या सुमारास ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण अभ्यासक गावात गेले, लोकांत मिसळले, नोंदी केल्या, आणि 1933 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. लोकांच्या हाती आता वेळच वेळ होता, पण वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. रस्त्यानं जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग या अभ्यासकांनी मोजला. पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत, मध्येच थांबत. बायकांना घरकाम होतं, त्यांच्या दिवसाला आकार उरला होता. पगार गेला की पैसा जातो हे कुणालाही कळतं; दिवसाची घडी आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही भावनाही जाते, हे या अभ्यासानं दाखवून दिलं.

आता आपल्याकडे पाहा. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, आपली एचओसी, 1960 साली स्थापन झालेली. तिच्या रसायनीतल्या बहुतेक प्रकल्पांना टाळं लावायचा निर्णय केंद्र सरकारनं 2017 मध्ये घेतला. त्या कामगारांचे पुढचे दिवस कसे गेले? त्यांच्या मुलांनी स्वतःबद्दल काय ठरवलं? हे प्रश्न मानसशास्त्राचे आहेत, आणि ते इथल्या मुलांनीच विचारावेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट सांगताना जड जातं. 19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ताच राहिली. ज्याचा देह हाती आला नाही त्याचा शोक कसा करायचा? पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला. असं दुःख वर्षानुवर्षं अधांतरी राहतं आणि त्या घरांना वेगळा आधार लागतो, हे त्यांनी मांडलं. असा आधार द्यायला ठाकरवाडीची बोली समजणारा, तिथल्या रीती जाणणारा माणूस हवा. तो शहरातून कसा येईल? तो इथेच घडायला हवा.

नोकरीविषयी स्पष्ट बोलतो. नुसत्या बी.ए.वर कुणी उपचार करू शकत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं पुढचं प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा, तो आधी डॉक्टर असतो. म्हणजे पदवीनंतरच्या काही वर्षांचा खर्च घरानं धरून चालावा. ज्यांना तेवढं थांबता येत नाही त्यांना समाजकार्य, मनुष्यबळ विभाग, स्पर्धा परीक्षा या वाटा आहेत. गरज मात्र मोठी आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के आढळलं होतं.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन विचारा: हा विषय शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळतो का? प्रात्यक्षिकं खरोखर होतात का? नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचा अभ्यास, आहे. विद्यार्थ्यांनो, त्याची वेळ आली की विषय लांब शोधू नका. वही घ्या आणि एचओसीतून निवृत्त झालेल्या एखाद्या कामगाराकडे, त्याच्या परवानगीनं, जाऊन बसा.